सरासरीत हरवलेला वायू



शहराच्या हवेविषयी आपण बोलतो तेव्हा ते बोलणे बहुतेक धुळीविषयी असते. थंडीत मुंबईच्या क्षितिजावर करडा पट्टा साचतो, बांधकामांना हिरवी जाळी लावण्याचे आदेश निघतात, रस्ते धुणारे टँकर फिरू लागतात आणि वर्तमानपत्रात हवा गुणवत्ता निर्देशांकाचा एक आकडा छापून येतो. या गडबडीत एका वायूचे नाव क्वचितच घेतले जाते. तो म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. त्याच्याकडे दुर्लक्ष होते ते तो थोडा आहे म्हणून, असे आपण समजून चाललो आहोत. आज मला नेमके या समजुतीविरुद्ध बोलायचे आहे. हा वायू रस्त्याच्या कडेला, गर्दीच्या तासांत साचतो. आपण मात्र सगळ्या शहराची आणि सगळ्या दिवसाची सरासरी काढतो, आणि त्या सरासरीत तो विरून जातो. जे मोजले जात नाही त्याची जबाबदारीही कुणावर येत नाही. या वायूच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खेदाची आहे, कारण त्याचा उगम इतर बहुतेक प्रदूषकांपेक्षा स्पष्टपणे दाखवता येतो.

आधी तो तयार कसा होतो ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाशी संयोग पावत नाही. परंतु तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्या पलीकडे गेले की तो ऑक्सिजनशी जुळू लागतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. याकोव्ह झेल्दोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ही प्रक्रिया उलगडून दाखवली. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये, बॉयलरमध्ये, वीजकेंद्राच्या भट्टीत इतके तापमान सहज गाठले जाते. बाहेर पडलेला नायट्रिक ऑक्साइड हवेतल्या ओझोनशी संयोग पावून काही मिनिटांत नायट्रोजन डायऑक्साइड होतो. म्हणजे वाहनांच्या बाबतीत कच्चा माल इंधनातला नसतो, हवेतलाच असतो. इंधन स्वच्छ केले म्हणून हा वायू आपोआप कमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००२ च्या अखेरीपर्यंत दिल्लीच्या सगळ्या बस सीएनजीवर आल्या. त्याने काळा धूर हटला, गंधकाचा त्रास घटला, आणि हा मोठाच लाभ होता. पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण त्यामुळे खाली आले नाही, पुढच्या वर्षांत ते वाढतच गेले. सीएनजीही सिलिंडरमध्ये उच्च तापमानालाच जळतो. ज्या शहरांनी रिक्षा आणि टॅक्सी सीएनजीवर आणून आपले काम झाले असे मानले, त्यांत मुंबईही येते.

शरीरात त्याचे काय होते? सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे त्याचा बराचसा भाग नाक आणि घसाच अडवून धरतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. तो वरचे अडसर ओलांडून बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो आणि तिथल्या ओलसर अस्तराशी त्याची प्रक्रिया होते. अस्तराला सूज येते, नलिका चटकन आकुंचन पावू लागतात, संसर्गाला तोंड देण्याची ताकद घटते. दम्याच्या रोग्याला त्याचा त्रास आधी जाणवतो आणि लहान मुलाला तो दीर्घकाळ भोगावा लागतो, कारण मुलाचे फुफ्फुस अजून वाढत असते आणि आकाराच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने असा अंदाज केला की जगभरात दरवर्षी मुलांमध्ये नव्याने उद्भवणाऱ्या दम्याची सुमारे ४० लाख प्रकरणे या वायूशी जोडता येतात. त्यांपैकी साडेतीन लाख भारतातली होती, आणि चीनच्या खालोखाल हा जगातला दुसरा क्रमांक होता. तीन वर्षांनी त्याच नियतकालिकातल्या दुसऱ्या अभ्यासाने जागतिक आकडा साडेअठरा लाख असा मांडला. दोन अंदाजांत एवढे अंतर असणे हे शास्त्राच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण मानावे. गृहीतके बदलली, हवेतल्या वायूचा अंदाज अधिक नेमका झाला, आकडा खाली आला. पण खालचा आकडाही लाखांतच आहे. शिवाय पहिल्या अभ्यासातली एक नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्यातली सुमारे ९२ टक्के प्रकरणे अशा भागांतली होती, जिथे हवा तेव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत होती.

हे अंदाज गणिती आहेत, प्रत्यक्ष मुलांवर काही दिसले का, असे कुणी विचारील. दिसले आहे, आणि अतिशय ठळकपणे दिसले आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पाच वस्त्यांमधल्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या फुफ्फुसांची ताकद संशोधकांनी तीन वेगवेगळ्या काळांत मोजली. पहिला गट १९९४ ते १९९८ मधला, शेवटचा २००७ ते २०११ मधला. या काळात तिथे गाड्यांवरचे आणि इंधनावरचे निर्बंध टप्प्याटप्प्याने कडक झाले आणि नायट्रोजन डायऑक्साइड व सूक्ष्म कण दोन्ही उतरले. पंधराव्या वर्षी ज्यांच्या फुफ्फुसांची ताकद वैद्यकीयदृष्ट्या कमी ठरते अशा मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ७.९ टक्के होते. मधल्या गटात ते ६.३ आणि शेवटच्या गटात ३.६ टक्के झाले. २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवा सुधारली तशी त्याच वस्त्यांतल्या पुढच्या पिढीची फुफ्फुसे सुधारली. औषध, शस्त्रक्रिया, आहार यांतले काहीही न देता एका पिढीच्या आरोग्यात एवढा फरक पडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सूक्ष्म कण अनेक दिवस हवेत राहतात, शेकडो किलोमीटर वाहत जातात आणि म्हणून शहरभर बऱ्यापैकी सारखे पसरतात. नायट्रोजन डायऑक्साइडचे आयुष्य काही तासांचे असते. रस्त्याच्या कडेला त्याचे प्रमाण कमाल असते आणि रस्त्यापासून दूर जाऊ लागले की ते झपाट्याने उतरते. अमेरिकेतल्या ‘हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट’ने २०१० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन मोठ्या रस्त्यांपासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित होतो असे म्हटले. मुंबईत किंवा पुण्यात मोठ्या रस्त्यापासून पाचशे मीटरच्या बाहेर राहणारी माणसे किती निघतील याचा विचार करावा. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेला अरुंद रस्ता असेल तर वारा वरच्या वर निघून जातो आणि धूर खालीच घुटमळतो. काळबादेवी किंवा पुण्याचा लक्ष्मी रस्ता डोळ्यांसमोर आणावा. मोहम्मद अली रोडवरून जाणारा जे. जे. उड्डाणपूल तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना जवळजवळ खेटून गेला आहे. पूल बांधताना वाहतूक किती वेगाने जाईल याचा हिशेब झाला. त्या खिडक्यांच्या आत कोणती हवा जाईल हा प्रश्न वाहतुकीच्या हिशेबात बसत नव्हता.

जागेप्रमाणे वेळेचेही आहे. सकाळी आणि संध्याकाळी वाहने जास्त असतात, जमिनीलगतची हवा फारशी वर चढत नाही आणि वायू साठतो. दुपारी ऊन त्याचे विघटन करते, तापलेली हवा वर उठते, आणि प्रमाण दिवसातल्या नीचांकाला येते. युरोपच्या ‘सेंटिनेल-५पी’ उपग्रहावरचे ट्रोपोमी हे उपकरण २०१७ पासून पृथ्वीभर हा वायू मोजत आहे आणि त्याचे नकाशे विलक्षण आहेत. पण तो उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो आणि त्याच्या नकाशातला एक ठिपका सुमारे साडेतीन किलोमीटर रुंद व साडेपाच किलोमीटर लांब असतो. एवढ्या ठिपक्यात दादर, माहीम, शिवाजी पार्क आणि समुद्राचा एक तुकडा एकत्र मिसळून जाईल. मोठा प्रदेश आणि दीर्घ कल समजण्यासाठी उपग्रह अनमोल आहे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी काय असते हे तो सांगू शकत नाही. जमिनीवरच्या आपल्या केंद्रांपैकी बरीचशी गच्चीवर किंवा संस्थांच्या आवारात आहेत, कारण त्यांनी परिसराचे प्रतिनिधित्व करावे अशी अपेक्षा असते. धूलिकणांसाठी ते चालते. या वायूसाठी ते चालत नाही.

निर्देशांकाची गोष्ट याहून गंभीर आहे. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१४ साली आला. त्यात आठ प्रदूषके आहेत. प्रत्येकाचा स्वतंत्र उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला जो सर्वांत वाईट तोच त्या दिवसाचा निर्देशांक म्हणून जाहीर होतो. या पद्धतीत नायट्रोजन डायऑक्साइडची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर हवा ‘चांगली’ आणि ८० पर्यंत असेल तर ‘समाधानकारक’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा २५ आहे. समजा, एखाद्या केंद्रावर थंडीच्या एका दिवशी हा वायू ७५ भरला आणि पीएम २.५ हे सूक्ष्म कण ७० भरले. वायूचा उपनिर्देशांक सुमारे ९४ येईल आणि कणांचा सुमारे १३२. जाहीर होईल १३२, कारण म्हणून छापले जाईल पीएम २.५, आणि संघटनेच्या मर्यादेच्या तिप्पट असलेला वायू ‘समाधानकारक’ या शब्दाखाली निघून जाईल. त्यात हा दिवसभराचा आकडा आहे. सकाळी नऊ ते अकरा या वेळात त्याच जागी दीडशे-दोनशे असले तरी मध्यरात्रीच्या आणि दुपारच्या तासांनी ती उंची सपाट केलेली असेल. युरोपात या वायूसाठी तासाची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम आहे आणि ती वर्षातून १८ हून अधिक वेळा ओलांडायची नसते. अमेरिकेत २०१० पासून तासाचे स्वतंत्र मानक आहे. आपल्या नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांत या वायूला वार्षिक आणि चोवीस तासांच्याच मर्यादा आहेत, तासाची नाही.

शासनाचे लक्ष कुठे असते ते पैसा कुठे जातो त्यावरून कळते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात सुमारे १३० शहरे आहेत, आणि त्याचे उद्दिष्ट पूर्णपणे धूलिकणांच्या भाषेत लिहिलेले आहे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत या कार्यक्रमाचा ६४ टक्के निधी रस्त्यावरची धूळ हटवण्यावर गेल्याचे दिसले. वाहनांच्या धुरासाठी १३ टक्क्यांहून कमी आणि उद्योगांसाठी एक टक्क्याहूनही कमी. धूळ झाडणे सोपे आहे, ते दिसते, त्याचे छायाचित्र निघते आणि त्याला कुणी विरोध करीत नाही. पण पाणी मारून वायू बसत नाही. तिसरी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या गाडीतल्या पीयूसी प्रमाणपत्राची. त्या चाचणीत पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तपासतात, डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तपासतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तपासतच नाहीत. ज्या ट्रकमधून हा वायू मर्यादेच्या कितीतरी पट बाहेर पडतो आहे, त्या ट्रकलाही प्रदूषण नियंत्रणात असल्याचा दाखला कायदेशीरपणे मिळू शकतो. निर्देशांक, कार्यक्रम आणि चाचणी या तीनही ठिकाणी एकच वायू झाकला किंवा वगळला गेला असेल तर तो योगायोग मानून सोडून देता येणार नाही.

उगम वाहतूकच आहे कशावरून, या शंकेचे उत्तर २०२० च्या टाळेबंदीने दिले. २५ मार्चपासून रस्ते रिकामे झाले आणि युरोपीय अंतराळ संस्थेने प्रसिद्ध केलेल्या उपग्रह निरीक्षणांत मुंबई व दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड आदल्या वर्षीच्या तुलनेत ४० ते ५० टक्क्यांनी खाली आलेला दिसला. ज्या पट्ट्यांत कोळशावरची वीजकेंद्रे चालू होती तिथे मात्र तो टिकून राहिला. इतक्या स्पष्टपणे दोषाचे वाटप दाखवणारा प्रयोग कुणी मुद्दाम करू शकला नसता. ज्या आपत्तीने तो घडवला तिच्यात लाखो माणसे पायी गावी निघाली होती, त्यामुळे त्या निळ्या आकाशाचे कौतुक माझ्याच्याने होत नाही. पण मोजमापाने दिलेली साक्ष आपण नाकारू नये.

रस्त्यावर मोजणे आणि त्या मोजमापाला कायद्याचे बळ देणे यातून काय घडते हे लंडनमध्ये पाहायला मिळते. युरोपीय नियमांनुसार वाहतुकीची केंद्रे रस्त्याच्या कडेपासून दहा मीटरच्या आत असावी लागतात. म्हणूनच २०१७ साली ५ जानेवारीलाच असे जाहीर करता आले की ब्रिक्स्टन रोडने वर्षभरासाठीची १८ तासांची मुभा संपवली. पाच दिवसांत वर्षाची मर्यादा संपली, आणि ती कोणत्या रस्त्यावर संपली हे नावानिशी सांगता आले. ‘क्लायंटअर्थ’ या संस्थेने सरकारला न्यायालयात खेचले. एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नवे आराखडे सादर करण्याचा आदेश दिला, आणि ते आराखडे अपुरे पडले तेव्हा २०१६ आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला पुन्हा दोषी धरले. आग्नेय लंडनच्या लुइशममध्ये साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला ॲडू-किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण नोंदवले. नायट्रोजन डायऑक्साइड कायदेशीर मर्यादेत आणण्यात अपयश आल्याचेही त्याने नमूद केले. ब्रिटनमध्ये असे प्रथमच घडले. त्या रस्त्याजवळची मोजणी वर्षानुवर्षे नोंदलेली नसती तर हा निष्कर्ष काढता आला नसता. आपल्याकडे अशा मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर दमा किंवा न्यूमोनिया लिहिले जाते आणि विषय तिथेच संपतो.

त्याच लंडनने एप्रिल २०१९ मध्ये मध्यवर्ती भागात जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांवर दैनंदिन शुल्क लावले. २०२१ मध्ये ते आतल्या लंडनपर्यंत आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या शहरभर नेले. महापौरांच्या कार्यालयाच्या २०२३ च्या अहवालानुसार ही योजना नसती तर जे प्रमाण राहिले असते त्याच्या मानाने मध्यवर्ती भागातल्या रस्त्यांकडेचा हा वायू ४६ टक्क्यांनी आणि आतल्या लंडनमधला २१ टक्क्यांनी कमी होता. या आकड्यांवर आक्षेप आहेत आणि ते लपवू नयेत. इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की योजना सुरू झाली त्या आठवड्यांच्या आसपास प्रत्यक्ष घट सरासरी तीन टक्क्यांहूनही कमी होती. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर त्यांतला विरोध बराचसा मावळतो. शुल्क येणार हे काही वर्षे आधी जाहीर झाले होते, आणि लोकांनी व कंपन्यांनी गाड्या त्या मुदतीपूर्वीच बदलायला घेतल्या होत्या. नियम लागू होण्याच्या दिवशी चमत्कार होत नाही. तो येणारच अशी खात्री असली तर बदल आधीच सुरू होतो. आपल्याकडे मुदती पुढे ढकलण्याची जी सवय आहे तिची खरी किंमत इथे कळते.

नव्या इंजिनांनी हा प्रश्न आपोआप सुटेल, असे वाहन उद्योग सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके आली. डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर उतरली. हे मोठे पाऊल आहे. पण युरोपचा अनुभव विसरू नये. तिथे काळा धूर रोखण्यासाठी डिझेल गाड्यांना जे उत्प्रेरक बसवले त्यांनी नायट्रिक ऑक्साइडचा अधिक मोठा हिस्सा धुराड्यातच नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलला. पूर्वी तो पाच-दहा टक्के असे, तो काही गाड्यांत वीस-तीस टक्क्यांपर्यंत गेला. दिसणारे प्रदूषण घटले आणि न दिसणारे वाढले. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागेनचा घोटाळा उघड झाला: गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती स्वच्छ चालणारी संगणकप्रणाली जगभरातल्या एक कोटी दहा लाख गाड्यांत बसवलेली होती, आणि अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या मते त्यांतल्या काही गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत नायट्रोजनचे ऑक्साइड सोडत होत्या. तो उघडकीला आला तो प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर धावत्या गाडीचा धूर मोजल्यामुळे. बीएस-६ च्या जड गाड्या युरियाचे द्रावण वापरून हा वायू नष्ट करतात. द्रावणाचा खर्च टाळण्यासाठी कुणी ती यंत्रणा बंद पाडली तर पीयूसीच्या चाचणीत ते कळणार नाही. इंजिनावर विसंबायचे असेल तर इंजिन तपासले पाहिजे.

आणखी काही आक्षेपांचा विचार करायला हवा. पहिला असा की भारतात माणसे मरतात ती मुख्यतः सूक्ष्म कणांमुळे, मग लक्ष दुसरीकडे का वळवायचे? सूक्ष्म कणांचा घाला मोठा आहे हे निर्विवाद आहे. पण नायट्रोजन डायऑक्साइड हवेत आम्लात बदलतो, शेतीतून आणि गटारांतून येणाऱ्या अमोनियाशी मिळतो आणि अमोनियम नायट्रेटचे कण बनतात. हे कण म्हणजे पीएम २.५ चाच एक भाग आहे. वायू रोखणे हे कण रोखण्याचेच काम आहे, रस्ता धुण्याहून अधिक खोलवरचे. दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो: हा वायू स्वतः अपाय करतो की तो फक्त वाहनांच्या धुराची खूण आहे आणि अपाय त्याच्याबरोबरचे अतिसूक्ष्म कण करतात? ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीत २०१८ मध्ये यावर मतभेद झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ च्या मूल्यमापनात अल्पकाळाच्या संपर्काचा श्वसनविकारांशी कार्यकारणसंबंध असल्याचे मान्य केले आणि दीर्घकाळाच्या संपर्काबाबत तो असण्याची शक्यता मोठी असल्याचे म्हटले. धोरणापुरते पाहिले तर वाद दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी पोचतो. वायू अपाय करीत असेल तर त्याचा उगम कमी करायचा, आणि तो केवळ खूण असेल तरी ज्याची ती खूण आहे तो धूर कमी करायचा. धुराड्यातून दोन्ही एकत्रच येतात.

तिसरा आक्षेप रसायनशास्त्रातून येतो. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी केले तर शहरात ओझोन वाढू शकतो, आणि टाळेबंदीत काही शहरांत तो वाढलाही. हे खरे आहे. दाट धुराच्या शहरात नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, तो कमी झाला की ओझोन काही काळ वर येतो. पण एका विषाला दुसऱ्या विषाने दाबून ठेवणे ही हवेची काळजी घेण्याची रीत असू शकत नाही. बाष्पशील सेंद्रिय वायू, म्हणजे पेट्रोलची वाफ, रंग, द्रावके, कचऱ्याचा धूर, यांच्यावरही त्याच वेळी नियंत्रण आणले तर ती चढण ओलांडता येते. लॉस एंजेलिसने ती अनेक दशके लावून ओलांडली. चौथा आक्षेप सरकारी दप्तरातून येतो: आपली बरीच शहरे वार्षिक ४० मायक्रोग्रॅमच्या राष्ट्रीय मानकाच्या आत किंवा आसपास आहेत, मग घाबरायचे कशाला? ४० हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या सूचनेशी जुळणारा आहे. २०२१ मध्ये संघटनेने तो १० वर आणला आणि जुन्या ४० ला पहिल्या अंतरिम टप्प्याचे स्थान दिले. युरोपीय संघाने २०३० पर्यंत २० वर यायचे ठरवले आहे. आपले मानक २००९ मध्येच थांबले आहे. शिवाय गच्चीवर मोजलेला आकडा मानकाच्या आत आहे याचा अर्थ फुटपाथवरचा आकडा आत आहे असा होत नाही.

शेवटचा आक्षेप माणुसकीचा आहे आणि त्याला उत्तर देताना घाई करू नये. जुन्या टेम्पोवर पोट असलेल्या माणसाने काय करायचे? हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याच टेम्पोच्या मागे उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाचा, सिग्नलजवळच्या फेरीवाल्याचा, दिवसाचे बारा तास रस्त्यावर काढणाऱ्या रिक्षाचालकाचा आणि खुद्द त्या टेम्पोवाल्याच्या फुफ्फुसांचाही विचार करावा. या वायूचा सर्वांत मोठा डोस गरिबांनाच मिळतो. म्हणून भार टाकताना क्रम ठरवला पाहिजे. आधी महापालिकेच्या स्वतःच्या कचरागाड्या, टँकर आणि कंत्राटदारांची डंपर बदलावीत, कारण तिथे निविदेत एक अट घातली की पुरते. त्यानंतर बस. बेस्टकडे एकेकाळी चार हजारांहून अधिक बस होत्या आणि आज त्याहून कितीतरी कमी आहेत. पुण्यात तर २०१८ च्या सुमारासच नोंदलेल्या वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेली. बस नसेल तर माणूस दुचाकी घेणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. मालवाहू गाड्यांची पाळी येईल तेव्हा छोट्या मालकाला कर्ज आणि मुदत द्यावी, पण ती मुदत खरी असावी. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का याचा अभ्यास करण्यास सांगितले आहे. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या तासाला, कोणत्या गाड्या किती वायू सोडतात हे न मोजता असा अभ्यास झाला तर तो तर्कावर होईल.

मोजणे महाग आहे, असे म्हणण्याची सोय नाही. एडवर्ड पाम्स यांनी १९७६ साली एक साधी नळी तयार केली. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, तिच्या बंद टोकाला जाळीवर एक रसायन. ती दिव्याच्या खांबाला लावतात, साधारण महिन्याने उतरवून प्रयोगशाळेत पाठवतात, आणि त्या जागेची त्या काळातली नायट्रोजन डायऑक्साइडची सरासरी मिळते. वीज लागत नाही, पंप लागत नाही. तासाचा आकडा ती देत नाही हे खरे, पण कोणता कोपरा अधिक वाईट आहे हे ती निःसंशय सांगते. ब्रिटनमधल्या स्थानिक परिषदा अशा हजारो नळ्या वर्षानुवर्षे लावत आल्या आहेत. पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिची ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा आहे, नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रयोगशाळा आहेत. ज्ञान, माणसे आणि उपकरणे राज्यात आहेत. पालिकेच्या प्रत्येक शाळेच्या आणि रुग्णालयाच्या फाटकावर वर्षभर अशी नळी राहावी, तिचे आकडे त्या फाटकावरच फलकावर लागावेत, मोठ्या रस्त्यांच्या कडेला तासागणिक मोजणारी केंद्रे यावीत, मानकांत तासाची मर्यादा यावी आणि पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड यावेत, एवढ्या मागण्या आहेत. यातली पहिली मागणी पूर्ण करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. महापालिकेचा एक ठराव पुरतो.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांची मुले किंवा नातवंडे रस्त्याला लागून असलेल्या शाळांत जातात. या शैक्षणिक वर्षाच्या पालकसभेत शाळेच्या फाटकावरचा नायट्रोजन डायऑक्साइड मोजून जाहीर करावा असा ठराव मांडा, तो लेखी स्वरूपात आपल्या प्रभाग कार्यालयाला द्या, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.